लांबलेला विसावा

त्याने चपला पायरीखाली काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या, आणि मग कोयता हातात घेऊन तो व्हरांड्यात चढला.

मी खांबाला टेकून उभी होते. कोयत्याला भ्यायच्या आधी मी त्या चपलांकडेच बघत राहिले. हा माणूस कुणाच्या तरी जिवावर उठलाय हे त्याच्या डोळ्यांत कुणालाही दिसलं असतं, आणि त्याने चपला मात्र देवळात शिरल्यासारख्या काढून ठेवल्या होत्या.

"मोठ्या बाई कुटं हायत?" त्याने विचारलं. तेही कसं, तर कुजबुजत.

"विसावा चालू आहे," मीही कुजबुजले.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

विसावा म्हणजे काय हे खैरवाडीच्या बाहेर कुणालाच कळायचं नाही, म्हणून सांगते. खैरवाडी माणदेशातली. तिथली दुपार अंगावर येते. मधल्या सुट्टीत मुलं भाकरी खायची, हौदावर हात धुवायची, आणि मग तासाला बसायच्या आधी सगळी शाळा निजायची. पहिलीपासून सातवीपर्यंतची मुलं सतरंजीवर आडवी होऊन दप्तरावर डोकं ठेवायची. गुरुजी टेबलावर हातांची घडी करून मान टाकायचे. खुद्द मुख्याध्यापिका, म्हणजे सुलोचना कारंडे, ज्यांना सारं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्याही आपल्या खोलीत खुर्चीत डोळे मिटून बसायच्या. त्यांनीच ही पद्धत पाडली होती, माझा जन्म झाला त्या सुमारास कधीतरी. "उन्हात भांडणं होतात. निजलं की निम्मी भांडणं विसरतात," एवढंच त्या सांगायच्या. शिक्षणखात्याचे साहेब एकदा बघायला आले नि त्यांनाही तिथेच डुलकी लागली, असं गावात अजून सांगतात. खरंखोटं देव जाणे.

नियम दोनच. विसावा चालू असताना शाळेत येणाऱ्याने चपला पायरीखाली काढायच्या आणि आवाज खाली ठेवायचा. गावालाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पोस्टमन फाटकापासून सायकल ढकलत आणायचा, बांगडीवाली शाळेसमोरून जाताना ओरडणं बंद करायची. शिक्षकांपैकी एकाने पाळीने जागं राहायचं, व्हरांड्यात अनवाणी फेऱ्या घालायच्या आणि वेळ झाली की घंटा द्यायची. ती घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. त्याचा टोल पडेपर्यंत विसावा. त्या दिवशी पाळी माझी होती.

मी नवी होते. मिरजेहून आलेली, नोकरीचं पहिलंच वर्ष. मला ती दुपारची पाळी फार आवडायची. फाल्गुन होता, लिंब फुलला होता, आणि त्याचा कडवट गोड वास सगळ्या खोल्यांतून भरून राहायचा. इतकी मुलं एका लयीत श्वास घेताहेत हे ऐकत चालताना मलाच जागेपणी गुंगी यायची. पाय जमिनीला टेकताहेत की नाही कळायचं नाही. त्या गुंगीतच मी त्याला फाटकातून येताना पाहिलं, म्हणून सुरुवातीला तो मला खरा वाटलाच नाही.

"घंटा द्या," तो म्हणाला.

"कोण तुम्ही?"

"अंबादास. जिजीचा भाऊ."

जिजी म्हणजे आमची जिजा. जिजा सातवीत होती, माझ्याच वर्गात, तेराव्या वर्षातली. आठ-दहा दिवसांपूर्वी तिला हळद लागली होती. मोठ्या बाईंनी तालुक्याला जाऊन तहसीलदारांच्या कानावर घातलं, आणि वऱ्हाड दारात यायला नि जीप दारात यायला एकच गाठ पडली. लग्न मोडलं. जिजा तिसऱ्या दिवशी शाळेत आली तेव्हा तिच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या. ती कुणाशी बोलत नव्हती. मोठ्या बाईंनी तिला फक्त म्हटलं, "बस जागेवर."

आता ती माझ्या उजव्या हाताच्या खोलीत, दाराजवळ, दप्तरावर डोकं ठेवून निजली होती. तिच्या पलीकडची खोली मोठ्या बाईंची. उकाड्यामुळे दारं सताड उघडी. खुर्चीत मान कललेली, चष्मा मांडीवर, पांढरे केस कपाळावर आलेले, अशा बाई मला खांबापासून दिसत होत्या. दोन पावलं पुढे आला असता तर त्यालाही दिसल्या असत्या.

"काय काम आहे बाईंशी?" मी विचारलं. किती वेडा प्रश्न!

त्याने कोयत्याकडे पाहिलं. "बाईंचं बघतो आदी. मंग जिजीला घिऊन जातो. आली तर आली, न्हाई तर..." 

मी आरडाओरडा का केला नाही, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. पळत जाऊन पोलीस पाटलाला का आणलं नाही? पळाले असते तर तो आणि ती निजलेली शाळा, दोघंच उरली असती. आणि ओरडले असते तर विसावा मोडला असता. त्याच्याकडे बघताना मला एक गोष्ट अगदी स्पष्ट कळली होती. हा माणूस लहानपणी याच सतरंजीवर निजलेला आहे. त्याचा हात पेटलेला होता, पण पाय आणि गळा अजून शाळेतले होते. विसावा आहे तोवर तो आवाज चढवणार नव्हता, नि आवाज चढवल्याशिवाय त्याच्याच्याने काही व्हायचं नव्हतं. आणि विसावा संपवणं माझ्या हातात होतं.

"घंटेला वेळ आहे अजून," मी म्हटलं. "बसा."

तो खरंच बसला. वरच्या पायरीवर, कोयता मांडीवर आडवा धरून. मी त्याच्या आणि दारांच्या मध्ये, व्हरांड्याच्या कडेला बसले. पदर ओढून घेतला आणि मनगटावरचं घड्याळ झाकून टाकलं.

"नव्या बाई का तुमी?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हनून म्हाईत न्हाई तुमास्नी. मला हितं भाईर निजवायच्या. ह्याच खांबाजवळ."

"का?"

"घोरायचो." तो एवढं म्हणाला आणि क्षणभर ओशाळला. मला त्या तसल्या वेळी हसू येऊ पाहत होतं. भीतीने माणसाचं काय होईल काही सांगता येत नाही.

वारा पडला होता. लिंबाची बारीक फुलं आपोआप गळून पायरीवर येत होती, त्याच्या डोक्यावर, कोयत्यावर. आम्ही दोघं गोष्ट सांगत बसल्यासारखे कुजबुजत होतो. मला वाटलं, हे असंच चालत राहावं, संध्याकाळ व्हावी, पाखरं झाडात परतावीत, आणि कुणाचं काही वाईट न होता हा दिवस मावळून जावा.

"बाईंनी चांगलंच केलं की," मी चाचरत म्हटलं. "लहान आहे हो जिजा."

"ल्हान हाय त्ये मला दिसत न्हाई व्हय?" त्याचा आवाज किंचित वर गेला. त्याने स्वतःच आतल्या खोल्यांकडे पाहिलं आणि तो खाली आणला. "आई-बाप न्हाईत आमास्नी. म्या नि बायकू ऊस तोडाया जातो, सहा म्हैने. औंदा आत्याकडं ठिवली जिजीला, ती आत्या पौषात वारली, तवा अर्ध्यातनंच माघारी आलो. आता दिवाळी झाली की कुनाकडं ठिवू? उसाच्या फडावर न्यावी तर तितं पाचटाच्या कोपीला दार न्हाई, बाई. दार न्हाई! ल्हान पोरगी कशी ठिवू तितं म्या?"

 मिरजेच्या घराला पुढे एक नि मागे एक अशी दारं होती, आणि दार नसणं म्हणजे काय याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"कुनी इचारलं न्हाई मला," तो म्हणाला. "जीप आणली. नवऱ्याच्या मामानं माझी टोपी काढली नि पायाखाली घेतली, समद्या गावाफुडं. तवापास्नं डोळ्याला डोळा न्हाई."

त्याचे डोळे खरंच लाल झाले होते. रागाचे असतील असं मी समजत होते, ते जागरणाचे होते. मला त्याची कीव आली. हे वाचताना कुणाला आवडणार नाही, पण आली ती आली. आणि त्याच वेळी मी त्याच्या हाताच्या मुठीवरची नजर काढत नव्हते.

खांबाची सावली सरकत होती. ती खालच्या पायरीवरून उतरून मातीत गेली तेव्हा त्याने मान वर केली.

"बाई, सावली पायरीखाली गेली. आमच्या टायमाला ह्या सावलीला घंटा व्हायची."

 "आता वेळ वाढवलीय," मी म्हटलं.

"का?"

"उन्हाळा कडक आहे ना."

त्याने त्यावर विचार केला. एखाद्या हुशार मुलाला उत्तर पटावं तशी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाला.

घंटेची वेळ कधीच टळून गेली होती. पदराआडून मी घड्याळ बघत होते नि मनातल्या मनात विनवत होते. मुलांनो, निजा. कुणी उठू नका. कुणी हसू नका रे. रोज घंटेआधीच चार-दोन कार्टी उठून एकमेकांना चिमटे काढायची, पहिलीतलं कुणीतरी "बाई, पानी" म्हणून रडायचं. त्या दिवशी देव माझ्या बाजूने होता. उजवीकडची सातवी, डावीकडची पहिली, पलीकडे पाटोळे गुरुजींचा वर्ग, कुठून चकार शब्द येत नव्हता. इतकी गाढ झोप मी त्या शाळेत कधी पाहिली नव्हती. लिंबाच्या वासाने सगळ्यांना भूल पडली असावी असं वाटलं.

आणि तेवढ्यात सातवीच्या खोलीत कंपासपेटी पडली.

पत्र्याची पेटी, फरशीवर. तो ताडकन उठला. कोयता उजव्या हातात आला. "कोन उठलं?"

मीही उठले. दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले. दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवले. आपण हे करतोय हे मला करून झाल्यावर कळलं. "कुणी नाही," मी म्हटलं. "झोपेत हात लागला असेल."

तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. त्याच्या अंगाला उन्हाचा नि घामाचा वास येत होता. आत कुणी हललं नाही. पेटीतली पेन्सिल गडगडत गेली, भिंतीला लागली आणि थांबली. त्याला जिजा दिसली असणार. दाराशीच तर होती, तोंड दप्तरात खुपसलेली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"निजलीया," तो म्हणाला.

"हो. निजू दे."

"घरात निजत न्हाई," तो म्हणाला, आणि परत जाऊन पायरीवर बसला.

 त्याची मान दोनदा खाली आली, दोनदा त्याने झटका देऊन वर केली. तिसऱ्यांदा ती गुडघ्यावर टेकली ती टेकलीच. कोयता मांडीवरून हळूच पायरीवर आला. मग तो घोरायला लागला. काय घोरत होता! मोठ्या बाई त्याला बाहेर का निजवायच्या ते मला कळलं.

मी हलले नाही.  तेवढ्यात मागून पावलं आली. मोठ्या बाई अनवाणी चालत माझ्याजवळून गेल्या, वाकल्या, त्यांनी तो कोयता उचलून माझ्या हातात दिला आणि हौदाकडे मानेने खूण केली. मी कोयता पाण्यात सोडला. तो आवाज न करता तळाशी गेला, हिरवट पाण्यात जरा चकाकला आणि दिसेनासा झाला. परत आले तो बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या नि त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता.

"बाई, नका!" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अंबादास," त्या म्हणाल्या. "ऊठ. तोंड धू."

त्याने डोळे उघडले. झोपेतून उठलेला माणूस आपण कोण, कुठे, हे आठवेपर्यंत कुणाचाच शत्रू नसतो. तो उठला, हौदावर गेला, त्याने चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. शर्टाच्या बाहीने तोंड पुसताना त्याला सगळं आठवलं असावं, कारण तो तसाच, तोंडावर बाही धरून उभा राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"बाई, समद्या गावाफुडं शोभा झाली वो माझी," तो म्हणाला. अजूनही कुजबुजतच.

"झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती मी भरून देऊ शकत नाही. पण दिवाळीनंतर तुम्ही दोघं फडावर गेलात की जिजा माझ्या घरी राहील. माझ्या घराला दार आहे."

म्हणजे बाईंनी सगळं ऐकलं होतं! मी आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले.

"हे मी तुला आधी येऊन सांगायला हवं होतं. जीप आणायच्या आधी," त्या पुढे म्हणाल्या. "ते चुकलं माझं. पण माझ्या शाळेत कोयता आला, ते मी सोडणार नाही. आपण दोघं आत्ता चौकीवर जायचं. तू काय केलंस ते तू सांगायचं, बाकीचं मी सांगीन. येतोस, की बोलावून आणू त्यांना?"

 मग त्याने पायरीखालच्या चपला घातल्या. मोठ्या बाईंनी आपली छत्री उघडली, तिची अर्धी सावली त्याच्यावर धरली. "आम्ही वळणापलीकडे गेलो की घंटा दे, हेमा," त्या मला म्हणाल्या. ती दोघं उन्हात चालत गेली. एक उंच, मान खाली घातलेला, नि त्याच्या दंडाला लागणारी ती म्हातारी. वाटेवरचं ऊन इतकं थरथरत होतं की ती दोघं विरघळत गेल्यासारखी दिसली, आणि मग वाटच उरली.

पुढे अंबादासवर खटला झाला, त्याला थोडी शिक्षाही झाली. शाळेला उंच कुंपण आलं, फाटकावर माणूस आला. जिजा मोठ्या बाईंच्या घरी राहून शिकली. ते सगळं लोकांना ठाऊक आहे. मला सांगायचंय ते त्या दुपारचं, आणि ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगताना अजून माझा आवाज धड राहत नाही.

मी घंटा दिली. चांगले जोरात टोल दिले. आता गलका होणार, पाण्यासाठी ढकलाढकली होणार म्हणून मी वाट बघत थांबले. काहीच झालं नाही. शाळा तशीच निजलेली.

मी सातवीच्या वर्गात गेले. सगळी डोकी दप्तरांवर. "उठा रे," मी म्हटलं. "झाला विसावा." एकही डोकं वर आलं नाही.  ऊन लागलं की काय सगळ्यांना! मी जिजाजवळ खाली बसले आणि तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. तिचे डोळे गच्च मिटलेले होते. तिचा डावा हात मनगटाजवळ दातांत धरलेला होता, दात इतके रुतलेले की कडेने रक्त आलं होतं. मला तो हात सोडवून घ्यावा लागला.

तेवढ्यात डावीकडच्या खोलीतून, पहिलीच्या सतरंजीवरून, एक बारीक कुजबुज आली.

"बाई, त्यो गेला?"

 "गेला," मी कसंबसं म्हटलं.

मग शाळा उठली. एकेक करून मुलं उठून बसली, आवाज न करता, आणि माझ्याकडे बघत राहिली. कुणाच्याही डोळ्यांत झोप नव्हती. पाटोळे गुरुजी दारात येऊन उभे होते, त्यांच्या मुठीत खडूचा चुरा झाला होता.

"तुम्ही जाग्या होतात?" मी सातवीतल्या मुलींना विचारलं. "सगळे?"

"पयल्यापास्नं," जिजामागची मुलगी म्हणाली.

"अगं मग इतका वेळ... कुणी सांगितलं होतं तुम्हाला पडून राहायला?"

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढं साधं बाईंना कसं कळत नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं. जिजाने हातावरचं रक्त परकराला पुसलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली.

"कुनी न्हाई सांगितलं, बाई. पर आमी उठलो असतो तर विसावा संपला असता की."